शंकरराव थोरात

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (१९०६ – १९९२) हे भारतीय भूसेनेतील अधिकारी होते. त्यांचा जन्म कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. त्यांचे लष्करी शिक्षण इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे झाले.

कारकीर्द

दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली ब्रह्मदेशातील कांगावच्या लढाईत त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या एका पलटणीचे नेतृत्व केले. त्यासाठी त्यांना डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला. १९५३-५४ मध्ये कोरियात, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची देखरेख करणाऱ्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास ओलीस धरले, तेव्हा थोरातांनी स्वतः छावणीत जाऊन, गोळीबार न करता त्यांची सुटका केली. पुढे त्यांना अशोक चक्र (वर्ग २) प्रदान करण्यात आले. हेच पदक आता कीर्ती चक्र म्हणून ओळखले जाते.

चीनविषयीचा इशारा

१९५७ ते १९६१ या काळात ते पूर्व विभागाचे सेनापती होते. ईशान्य सीमेवरील सैन्यबळ व रसद अपुरी असून चीनचे आक्रमण रोखता येणार नाही, असा अहवाल त्यांनी १९५९ मध्ये दिला. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किल्ला’ या सरावातून त्यांनी तेच दाखवून दिले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी हा इशारा मानला नाही. १९६२ च्या युद्धाने तो खरा ठरवला. तोवर थोरात निवृत्त झाले होते.

उत्तरायुष्य व कुटुंब

निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आहे. नाबार्डचे माजी अध्यक्ष यशवंत थोरात हे त्यांचे पुत्र होत.