काहिलीतला पारा

बेळगावकडच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात गुऱ्हाळ पेटलं की शेवटच्या घटकेला सगळ्यांची नजर गुळव्याच्या बोटांवर असते. उकळत्या पाकाचा थेंब तो गार पाण्यात सोडतो, वळून बघतो. गोळी टणक झाली की काहील उतरते. थर्मामीटरवर हीच वेळ ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येते. काकवी करायची तर १०५-१०६ अंशांवरच थांबायचं.

जुन्या काचेच्या थर्मामीटरचं काम इथे समजून घेण्यासारखं आहे. रसातलं पाणी आटत जातं तसा पाकाचा उत्कलनबिंदू चढतो. त्यामुळे पारा कुठवर आला यावरून पाकात पाणी किती उरलं ते कळतं. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर. इथं साधं पाणीच साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. समुद्रकाठचा आकडा जसाच्या तसा धरला तर पाक दोन-अडीच अंश जास्त तापतो आणि गूळ करपण्याची भीती असते. गुळव्याच्या गोळीला ही दुरुस्ती लागत नाही, कारण बोटं थेट पाकच चाचपतात. त्या परीक्षेला अडाणी म्हणणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

साखर कारखान्यात मात्र बोटांवर भागत नाही. अथणी भागात उगार शुगर १९३९ साली उभी राहिली. अशा कारखान्यांच्या प्रयोगशाळेत रसात ब्रिक्स हायड्रोमीटर तरंगतो: रस दाट तितकी काचेची दांडी वर. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर म्हणजे १ ब्रिक्स. मात्र रस गरम असेल तर तो पातळ भासतो, म्हणून सोबत तापमानही नोंदवावं लागतं. शिवाय हायड्रोमीटर क्षार, मळ सगळंच साखरेत धरतो. खरी साखर ओळखायला पोलरिमीटर हवा. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाची दिशा फिरवतं, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्यो यांनी १८१५ साली दाखवलं. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून केलेलं १०० मिलिलिटर द्रावण, २०० मिलिमीटरच्या नळीत. मोजपट्टीवर बरोबर १००.

आता काहिलीत पाऱ्याचा थर्मामीटर घालू नये; फुटला तर सगळा पाक वाया. न फुटणारा स्टीलचा घ्यावा, आणि हंगामाआधी उकळत्या पाण्यात त्याचा आकडा तपासावा. जुने पितळी पोलरिमीटर ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते मोडीत न घालता, दुरुस्तीच्या तक्त्यांसकट, जवळच्या कॉलेजला द्यावेत.