उसाचं बिल आणि घरची वही



बिलाचा कागद हाती पडला की नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते. कुणी तोच नफा समजतो, तर कुणी कपाती पाहून "सगळं कापून घेतलं" म्हणतो. हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर नाही. उमरखेड, महागाव, पुसद भागात कापसाचे पैसे वेचणीगणिक येतात. उसाचे मात्र वर्ष-सव्वा वर्षाने. तोवर झालेला खर्च ध्यानात राहत नाही. म्हणून वही हवी.

हिशेबाचा पाया एकच : प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. कारखान्याकडून बेणे उधार नेले, ती रक्कम तुमच्या नावे पडते. ऊस घातला की बिल तुमच्या जमा होते. दोहोंतला फरक ती शिल्लक. व्यवहार तारखेवार लिहिले की रोजकीर्द. तेच खातेवार लावले की खतावणी.

आता एक एकराचे उदाहरण घेऊ. 2025-26 हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला केंद्र सरकारने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर टनाला 3,550 रुपये आहे. समजा तोडणी-वाहतुकीचे 950 वजा जाऊन 2,600 उरले आणि ऊस 40 टन झाला. म्हणजे बिल 1,04,000. त्यातून सोसायटीचे पीककर्ज 45,000, बेणे 12,000 व भागाची रक्कम 2,000 कपात होऊन हाती आले 45,000. (सोपे जावे म्हणून व्याज धरलेले नाही.)

मग नफा 45,000 का? नाही. कर्ज काढले तेव्हा ते उत्पन्न नव्हते, फेडले तेव्हा तो खर्च नव्हे. त्या पैशातून खत, मशागत केली, तो खर्च. समजा कर्जाचे सगळे 45,000 पिकात गेले, बेण्याचे 12,000, आणि मजुरी व वीज यांसाठी खिशातून 11,000 घातले. एकूण खर्च 68,000, म्हणून नफा 36,000.

ताळा करून पाहा. हातच्या 45,000 मधून खिशातले 11,000 गेले, राहिले 34,000. भागाचे 2,000 मिळविले की 36,000. भागाची रक्कम गेलेली नाही. ती तुमच्याच नावाची मालमत्ता आहे.

खोडवा ठेवणार असाल तर बेण्याचा सगळा बोजा लागणीवर टाकू नका; निम्मा खोडव्याच्या खर्चात धरा. तसेच घरच्या माणसांचे राबणे रोजाने मांडून पाहा. मगच ऊस परवडला की नाही ते खरे कळेल.

वहीचा आणखी एक उपयोग. प्रत्येक काटा पावतीची तारीख, वजन आणि पैसे मिळाल्याची तारीख लिहा. वेगळा लेखी करार नसेल तर 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत; पुढच्या विलंबाला द.सा.द.शे. 15 टक्के व्याज लागू होते. ज्याच्याकडे तारीख, त्यालाच हे मागता येते.

शाळेत जाणारा मुलगा-मुलगी असेल तर वही त्यांच्या हाती द्या. घरची नोंद आणि कारखान्याचा उतारा जुळला नाही, तर पावत्या घेऊन गट ऑफिसला या. आम्ही सोबत बसून ताळा करू. हंगाम संपेपर्यंत थांबू नये, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी