मुलांची शाळा कोण ठरवणार?

जून जवळ आला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला उर्दू शाळेत घालायचे, मराठी की इंग्रजी? हिफ्जसाठी मदरशात पाठवायचे का? मुलगी आठवी पास झाली, आता पुढे काय? दादांचे मत एक, मामूंचे दुसरे आणि शासनाचे परिपत्रक तिसरेच काही सांगते. या गडबडीत मूळ प्रश्न मागे पडतो: हा निर्णय घेण्याचा हक्क कोणाचा आहे?

जगाने मान्य केलेला हक्क

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचे २६ वे कलम शिक्षणाचे आहे. प्रत्येकाला शिक्षणाचा हक्क आहे, प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे असावे आणि आपल्या मुलांना कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यायचे हे निवडण्याचा पहिला अधिकार आईवडिलांचा आहे, असे ते सांगते. यात विरोधाभास नाही. मूल शिकलेच पाहिजे, ही सक्ती. कोठे आणि कसे शिकावे, ही निवड. नाझी जर्मनीत सरकारने शाळा ताब्यात घेऊन मुलांच्या मनात द्वेष कसा पेरला, हे तेव्हा जगाने नुकतेच पाहिले होते.

याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द बदलून 'सर्व मानव' असे शब्द यावेत, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला. म्हणजे हे हक्क मुलाइतकेच मुलीचेही आहेत.

आपल्या संविधानाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क कलम ३० मध्ये दिला. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे कलम ३५०-अ सांगते. शिक्षणाचे माध्यम शासन लादू शकत नाही, ती निवड मुलाची व त्याच्या वतीने पालकांची आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकच्या प्रकरणात दिला.

आपल्या राज्यात काय घडले?

जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गणित, विज्ञान यांसारखे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतील मुलांना 'शाळाबाह्य' धरण्याचे ठरवले. त्यावर मोठा वाद झाला. शिक्षण हक्क कायद्यातून मदरसे आणि वैदिक पाठशाळा या दोन्हींना २०१२ च्या दुरुस्तीने आधीच वगळलेले होते.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने नियम बदलला. जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट मिळाली. म्हणजे श्रीमंताला निवड आणि गरिबाला नेमणूक! पालक न्यायालयात गेले आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

१६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा आदेश निघाला. मराठी माणसाने एकजुटीने आवाज उठवला आणि २९ जूनला शासनाने तो मागे घेतला.

यातून कळते ते हे की हक्क नुसते कागदावर असून भागत नाही. कोणीतरी उभे राहून तो मागावा लागतो.

निवड नावाला, वाट एकच

आपल्या आष्टी तालुक्यात या हक्काचा अर्थ काय? दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. सोबत जाणारे मूल सहा महिने उसाच्या फडात असते. त्याच्या आईवडिलांना कोणत्या माध्यमाची निवड करायची? गावातली शाळा सातवीला संपते आणि पुढची शाळा दूर असते, बसची वेळ जुळत नाही, तेव्हा मुलीचे शिक्षण थांबवणे ही निवड नसते, ती मजबुरी असते. म्हणून हंगामी वसतिगृह, वेळेवर बस, वरचे वर्ग आणि उर्दू शाळेत पुरेसे शिक्षक मागणे हीसुद्धा शैक्षणिक स्वातंत्र्याचीच मागणी आहे.

मूल ही अमानत

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. निवडीचा हक्क म्हणजे न शिकवण्याचा हक्क नव्हे. मूल आपल्या मालकीची वस्तू नाही, अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. पहिला दैवी संदेशच वाचण्याच्या आज्ञेने सुरू झाला. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे खंडणी द्यायला पैसे नव्हते, त्यांनी मदीनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे आणि मुक्त व्हावे, अशी व्यवस्था प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केल्याचे सीरतच्या ग्रंथांत येते. ते शिक्षक मुस्लिमही नव्हते. यावरून इल्मची कदर किती होती ते दिसते.

मग 'मुलगी परक्याचे धन' म्हणून तिची शाळा बंद करणे कोणत्या शिकवणीत बसते? मुलाला हाफिज करण्याचा निर्णय मुबारक आहे, पण त्याला हिशेब, मराठी आणि विज्ञान येऊ नये, असे दीन सांगत नाही. मदरशात शिकत असताना मुक्त विद्यालयातून दहावी करता येते. शाळा सुटलेल्या मुलीला १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. आणि निर्णय घेताना मुलाला, मुलीला विचारा. मुलांचे मत ऐकले जावे, हे बालहक्क करारात आहे आणि भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला आहे.

पालकांनी काय करावे?

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. अम्मी-खालांनी या जागा घ्याव्यात, ठरावावर सही करण्याआधी तो वाचून घ्यावा. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे लक्षात ठेवावे. मधेच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात बसवून खास शिकवणी देणे कायद्याने बंधनकारक आहे. २५ टक्के राखीव जागांच्या अर्जाची तारीख मुख्याध्यापकांना विचारून ठेवावी, उत्पन्नाचा दाखला आधीच काढावा. शिक्षकांची जागा रिकामी असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

शाळा उर्दू असो, मराठी असो वा इंग्रजी. ती आपण विचार करून निवडलेली असावी, आणि निवडल्यावर मूल तिथे रोज जावे. अल्लाह आपल्या मुलामुलींना उपयोगी पडणारे ज्ञान देवो. आमीन.