वॉलेटला चार सह्या होत्या, तरी पैसे गेले

मागच्या भागानंतर वेळापूर-अकलूजकडच्या पोरांचा एकच प्रश्न होता: "दादा, अ‍ॅपवर ठेवलेलं क्रिप्टो चोरीला जातं का?" जातं. आपल्या मुंबईच्या वझीरएक्सचंच बघा.

18 जुलै 2024. एक्स्चेंजच्या एकाच वॉलेटमधून 23 कोटी डॉलर, म्हणजे साधारण 2000 कोटी रुपये गेले. बरं, वॉलेट काही उघड्यावर नव्हतं. मल्टिसिग होतं. बँकेचं लॉकर कसं तुमची आणि बँकेची अशा दोन्ही चाव्या लागल्याशिवाय उघडत नाही, तसंच. इथे वझीरएक्सच्या तिघांची सही, आणि वर लिमिनल या कस्टडी कंपनीची.

मग गेले कसे? सह्या खऱ्याच होत्या! स्क्रीनवर नेहमीचा व्यवहार दिसत होता, सही झाली ती मात्र वॉलेटचा ताबाच चोराच्या कोडकडे देणाऱ्या व्यवहारावर. वर उसाच्या बिलाचा कागद दाखवायचा आणि अंगठा खालच्या खरेदीखतावर घ्यायचा, तसला प्रकार. चूक कुणाच्या बाजूला झाली यावर दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. जानेवारी 2025 मध्ये अमेरिका आणि दक्षिण कोरियाने उत्तर कोरियाच्या हॅकर्सचं नाव घेतलं. खातेदारांचं क्रिप्टो मात्र वर्षभराहून जास्त अडकलं.

म्हणून रोजच्या ट्रेडिंगला लागेल तेवढंच एक्स्चेंजवर ठेवा. रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट घ्या, पण सही करताना लॅपटॉपकडे नाही, त्या डिव्हाइसच्या छोट्या स्क्रीनकडे बघा. तिथे पत्ता आणि रक्कम न दिसता नुसते आकडे-अक्षरं आली, तर थांबा. माझ्या मते अर्धी सुरक्षा इथेच आहे.

ते 12 किंवा 24 शब्द कागदावर लिहा. फोटो काढू नका, तो आपोआप क्लाउडवर चढू शकतो. 'कस्टमर केअर'वाल्याने मागितले तर तो चोरच. ओटीपी एसएमएसवर नको, ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर घ्या. तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम कुणी काढलं तर एसएमएस त्याच्याकडे जातात.

आणि चोरी झालीच तर लगेच 1930 ला फोन. बँकेतून गेलेले रुपये वेळेत कळवले तर वाटेत गोठवता येतात. ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार उलटा फिरवायला कुणी मॅनेजर नसतो. चोराने ते कॉइन एखाद्या एक्स्चेंजवर नेले, तर पोलिसांच्या हाती काही लागू शकतं.