डोक्याचं तारण

आमच्या जुन्या अल्बममध्ये माथेरानचा एक फोटो आहे. सात वर्षांचा आमचा मुलगा घोड्यावर ऐटीत बसलाय, डोक्यावर कापडी टोपी. फोटो काढला आणि पाचच मिनिटांत झाडावरून माकडानं उडी मारली, घोडा बिचकला, चिरंजीव लाल मातीत! ढोपर फुटलं, एवढंच. हा किस्सा आम्ही पाहुण्यांना वर्षानुवर्षं रंगवून सांगितला. शेजारचा दगड हातभरच लांब होता, हे तेवढं सांगायचं राहून जाई.

गेल्या दिवाळीत नातीला घेऊन पुन्हा गेलो. दस्तुरीला मोटार सोडली, घोडे दिसले आणि बाईसाहेबांचे पाय लगेच दुखू लागले. मी हेल्मेट मागितलं. ‘‘काका, घोडा गरीब आहे,’’ घोडेवाला म्हणाला. असेलही. पण बिचकणं हा घोड्याचा स्वभाव. त्याला गरीब-श्रीमंत नसतं. तरी त्या भल्या माणसानं कुठूनसं एक हेल्मेट आणलं. त्याचा पट्टाच तुटलेला. पट्ट्याविना हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जातं.

ब्रिटनमध्ये 1990 साली कायदाच झाला : चौदा वर्षांखालच्या मुलांनी रस्त्यावर घोडेस्वारी करताना हेल्मेट घालायलाच हवं. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा थर असतो. आदळल्यावर तो दबतो आणि धक्का स्वतः सोसतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद समजावं. ते कपाळावर सरळ बसावं, मान हलवली तरी हलू नये. अर्थात हेल्मेट म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. ‘सुपरमॅन’चा नट ख्रिस्तोफर रीव्ह 1995 साली घोड्यावरून पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मोडली ती मान. म्हणून लगाम घोडेवाल्याच्या हाती हवा, घोडा चालीनंच न्यावा, आणि मुलाचं पाऊल रिकिबीत पुरतं घुसवू नये, पडताना अडकतं.

आम्ही चालत निघालो. नात रुसली. ‘‘तारणाशिवाय कर्ज नाही, बँकेतली सवय!’’ सौभाग्यवतींनी टोमणा मारला. खरंच आहे. उभा जन्म लोकांच्या पैशासाठी तारण मागितलं आणि पोटच्या पोराचं डोकं मात्र कापडी टोपीवर सोडलं होतं.

बाजारात चिक्की मिळाली, रुसवा गेला. घरी आल्यावर तिच्या मापाचं घोडेस्वारीचं हेल्मेट घेतलं. उन्हाळ्यात पुन्हा जायचंय. अल्बममध्ये एक जागा रिकामी ठेवली आहे.