पोट भरले, पण गाय उपाशीच

गोठ्यात वैरणीचा मोठा भारा येऊन पडला की मालक खूश होतो. हत्तीगवताच्या बाबतीत ही खुशी महागात पडू शकते. हत्तीगवत म्हणजे नेपियर, मूळचे आफ्रिकेचे. बाजरीशी संकर करून तयार केलेले त्याचे ‘फुले जयवंत’सारखे वाण महाराष्ट्रात घेतले जातात. कापणी लांबली की हे गवत डोक्यावर जाते. कुट्टीचा ढीग वाढतो, दूध मात्र घटते आणि पेंडीचे पोते लवकर रिकामे होते.

पाच-सहा आठवड्यांच्या गवतात पाने भरपूर असतात, पेशींच्या भिंती पातळ असतात. पुढे पेरे लांबतात, पानांचा वाटा घटतो आणि पेशीभित्तींत लिग्निन साठू लागते. लाकडाला कडकपणा येतो तो याच पदार्थामुळे. सेल्युलोजचे धागे सळ्यांसारखे मानले, तर लिग्निन हे त्यावर ओतलेले काँक्रीट. गाईच्या कोटीपोटातले जीवाणू सेल्युलोज पचवतात, पण या काँक्रीटमधून त्यांना आत शिरता येत नाही. उष्ण प्रदेशातल्या गवतांत जाड भिंतींचे शिरांचे जाळे मुळातच दाट असते, शिवाय उन्हाने लिग्निन लवकर भरते. म्हणून थंड देशांतल्या गवतांपेक्षा ती लवकर राठ होतात.

प्रथिनांचेही तसेच. कोवळ्या नेपियरच्या कोरड्या वजनात ती १० टक्क्यांच्या आसपास असतात. तीच सुमारे ७ टक्क्यांखाली गेली की जीवाणूच उपाशी पडतात, चारा कोटीपोटात रेंगाळतो आणि गाय कमी खाते.

मग अगदी कोवळेच कापावे? तसेही नाही. कोवळ्या नेपियरमध्ये पाणी फार आणि ऑक्झलेटही जास्त. माणसाच्या बहुतेक मुतखड्यांत सापडते तेच हे ऑक्झलेट; ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. गाईचे जीवाणू ते मोडू शकतात, पण त्यांना सवय व्हायला वेळ लागतो. घोड्याला ही सोय नाही. नुसत्या अशा गवतावर ठेवल्यास त्याच्या चेहऱ्याची हाडे सुजतात. त्यामुळे नवे हिरवे गवत हळूहळू वाढवावे, सोबत सुका चारा, थोडा लसूणघास आणि खनिज मिश्रण द्यावे.

लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांनी पहिली कापणी, पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी, असा हिशेब सांगतात. पावसाळ्यात गवत झपाट्याने वाढते, थंडीत अडून बसते. तेव्हा नुसत्या तारखांवर विसंबू नये. सकाळी गव्हाण पाहावी. पाने संपून दांड्यांचे तुकडे तेवढे उरत असतील, तर पुढची कापणी आठवडाभर आधी घ्यावी.