कांडीची उरलेली टोके

प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझे यांच्या कन्या फिफी रेबिंडर यांच्या हाती १९३९ च्या सुमारास, बाहुल्यांची मस्तके घडविण्यास उपयोगी पडेल या अपेक्षेने, एका कृत्रिम द्रव्याचा नमुना आला. त्या कामी ते अपात्र ठरले, तरी टाकून न देता त्यांनी त्यावर आपले प्रयोग चालू ठेवले, आणि १९६४ साली एबरहार्ड फाबर या जर्मन पेढीने त्यांच्याकडून ते घेऊन पुढे ‘फिमो’ या नावाने बाजारात आणले. पी.व्ही.सी. आणि त्यास मऊ राखणारे द्रव्य यांचे हे मिश्रण उघड्यावर सुकत नाही, आचेवरच घट्ट होते. त्यामुळे उरलासुरला तुकडाही भाजला जाईपर्यंत कामाचा राहतो.

अशी शिल्लक मुबलक पडू लागली ती, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कलावंतांनी मुरानोच्या काचकामातील मिलेफिओरीची रीत या द्रव्यास लावली तेव्हा. रंगीत पट्ट्या जुळवून नक्षीची जाड कांडी रचावयाची, ती चोहोबाजूंनी दाबत बारीक करावयाची, आणि मग कापलेल्या प्रत्येक चकतीवर तीच नक्षी उमटावी, असा तो शिरस्ता. परंतु दाबताना कांडीचा गाभा आणि कड सारख्या गतीने सरकत नाहीत, म्हणून दोन्ही टोकांची नक्षी विस्कटते व ती टोके कापून बाजूस ठेवावी लागतात. नॅन रोश यांचा या द्रव्याच्या कामावरील ‘द न्यू क्ले’ हा ग्रंथ १९९१ साली निघाला, आणि ही विद्या घरोघरच्या हौशी हातांत जाऊ लागली.

टोके एकत्र मळली की सर्व रंग मिळून मळकट तपकिरी गोळा होतो. तो मोठ्या मण्यांच्या पोटात भरण्याची तजवीज सोयीची खरी. पण रंगांवर तो अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. ‘नताशा मणी’ या नावाने रूढ झालेल्या कृतीने तो दूर केला. तुकडे न मळता नुसते दाबून त्यांची वळी करावी, तिला पीळ द्यावा आणि ठोकून चौकोनी ठोकळा करावा. मग पातळ पात्याने तो उभा चिरून पुस्तकासारखा उघडावा, म्हणजे त्या गोंधळातून दोन्ही अंगांस आरशातल्यासारखी जुळणारी आकृती प्रकट होते. ती बाहेर राहील अशा बेताने दोन्ही भागांच्या पाठी जोडाव्या, आणि आडव्या बाजूने पुन्हा तसेच केले की चारही अंगांवर नक्षी येते. दोन मणी कधीही सारखे होत नाहीत.

अलीकडे अ‍ॅलिस स्ट्रॉपेल यांनी उरलेल्या कांड्यांचे तुकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत बसवून नवी कांडी रचण्याची रीत सर्वांसाठी खुली केली. ज्ञात असलेली युक्ती लपवून न ठेवण्याचे हे औदार्य मला या कलेचे मोठे भूषण वाटते.

आपल्याकडे या द्रव्याचे विकतचे ठोकळे बहुधा परदेशाहून जकात भरून येतात, तेव्हा आपल्या डब्यातील टोके जपावीत, आणि साधलेली युक्ती शेजारच्या हातांस शिकवावी. मात्र निरनिराळ्या पेढ्यांची टोके वेगळी ठेवावीत, कारण त्यांची आच भिन्न असते: फिमोस ११० अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे पुरतात, आणि आच फार वाढली तर पी.व्ही.सी. करपून हायड्रोजन क्लोराइडचा अपायकारक वायू सुटतो.